समुद्राचे भाडे

एक कबुली आरंभीच देतो. मॉरिशस बेटावरील मराठी बांधवांच्या एका कार्यक्रमासाठी गेल्या खेपेस तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा मुक्कामातला एक दिवस मी भाड्याच्या खासगी बोटीतून खोल समुद्रातील हौशी मासेमारीला गेलो होतो. भाडे मी दिले नव्हते. परदेशात स्थायिक झालेल्या एका जुन्या स्नेह्याने अख्खी बोट दिवसभरासाठी ठरवली होती आणि ‘एकदा तरी चल’ असा आग्रह धरला होता. पण मला कुणी ओढून नेले नाही. मी स्वखुशीने गेलो आणि त्या दिवशी मला आनंद झाला. परतल्यावर बैठकीनंतरच्या चहाला हा विषय निघाला, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, “भाऊ, समाजवादी माणसाचं तिथं काय काम?” प्रश्न थट्टेच्या सुरात होता, तरी त्याला थट्टेवारी उत्तर देऊन मोकळे होणे मला बरे वाटले नाही. म्हणून हा लेख.

दोन सोपी उत्तरे आधी बाजूला ठेवू. चैन मुळातच पाप आहे, म्हणून समाजवाद्याने तिच्याकडे पाठ फिरवावी, हे पहिले उत्तर. ते आपल्या चळवळीचे नाही. श्रमणाऱ्या माणसाला विसावा आणि आनंद यांचाही हक्क आहे, असे मानूनच जगभरच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला. दुसरे उत्तर असे की, अनुभव घेण्यात काय बिघडले? हे उत्तर आपल्या मध्यमवर्गाला फार प्रिय आहे. पण अनुभव आभाळातून पडत नाही. त्यामागे कुणाचा तरी किनारा असतो, कुणाचे तरी श्रम असतात, कुणी तरी दिलेली आणि कुणाला तरी नाकारलेली परवानगी असते. तिचा हिशेब मांडणे एवढेच आपले काम आहे. तो मांडण्यासाठी आधी त्या दिवशी काय घडले ते सांगावे लागेल.

मॉरिशसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर रिव्हिएर न्वार, म्हणजे काळी नदी, नावाचे गाव आहे. प्रवाळाच्या कड्याबाहेर पडले की तेथे समुद्राचा तळ एकदम खोल जातो. त्यामुळे निळा मार्लिन, ट्यूना, वाहू असे खोल पाण्यातले मोठे मासे किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ येतात. नोव्हेंबर ते मार्च हा मार्लिनचा मोसम. या काळात युरोपातून आणि दक्षिण आफ्रिकेतून हौशी मंडळी येतात. हॉटेलांच्या धक्क्यावर पांढऱ्याशुभ्र बोटी ओळीने उभ्या असतात. आमची बोट दोन इंजिनांची. मागच्या बाजूस जमिनीत घट्ट बसवलेली एक खुर्ची, दोन्ही अंगांना पंखांसारखे पसरणारे लांब दांडे, आणि त्यांवरून पाण्यात सोडलेले पाच गळ. आमिष म्हणून खरा मासा नव्हता. रंगीबेरंगी झालरीची कृत्रिम आमिषे होती. बोट ठरावीक वेगाने चालत राहते आणि ही आमिषे लाटांवर उसळत मागून येतात.

बोटीवर आम्ही दोघे पाहुणे. ती चालवणारा कप्तान, आपल्या कोकणी भाषेत तांडेल, क्रिओल समाजातला. त्याच्या हाताखालचा खलाशी मात्र मराठी घराण्यातला निघाला. एकोणिसाव्या शतकात १८३४ पासून पुढे सुमारे ४.५ लाख हिंदी मजूर करारबद्ध होऊन मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत मुंबई बंदरातून नेलेले कोकणी आणि देशावरचे लोकही होते. या खलाशाचा खापरपणजा त्यांच्यापैकी एक. मुलाला मराठी मोडकी येत होती; आरती पाठ होती. मला तो ‘काका’ म्हणू लागला आणि आमचे जमले.

बोट दक्षिणेकडे वळली तशी ल मोर्नचा उभा कडा दिसू लागला. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले गुलाम याच डोंगरावर आसरा घेत. २००८ साली तो जागतिक वारसा ठरला. १८३५ मध्ये ब्रिटिशांनी तेथील गुलामगिरी रद्द केली तेव्हा नुकसानभरपाई गुलामांना मिळाली नाही, त्यांच्या मालकांना मिळाली. मुक्त झालेल्यांपैकी पुष्कळ जण मळे सोडून किनाऱ्याला आले आणि मासेमारीवर जगू लागले. मळ्यांतल्या त्यांच्या जागी आपले गिरमिटिये आणले गेले. एका वंशाचा माणूस आमची बोट चालवत होता आणि दुसऱ्या वंशाचा माणूस आमचे गळ लावत होता. हे मला सुचायला दुपार उजाडली. सकाळी मी फक्त पाणी पाहत होतो.

सुमारे अकरा वाजता एका रिळाने किंचाळी फोडली. शेदोनशे हात मागे एक मार्लिन पाण्याबाहेर अख्खा उडाला. त्याचे ते निळे अंग आणि भाल्यासारखी चोच पाहून मीही ओरडलो, हे कबूल करतो. स्नेही खुर्चीत बसले. पट्टे बांधले गेले. पुढची पाऊण तासाची झुंज हौशी मासेमारीच्या पुस्तकांत ‘माणूस विरुद्ध मासा’ अशी वर्णिली जाते. मी जे पाहिले ते वेगळे होते. मासा दूर पळाला की तांडेल बोट मागे घेई. तो बुडी मारून खाली गेला की बोट पुढे काढून दोरीचा कोन बदली. खलाशी खुर्ची फिरवी, दोरीवर पाणी ओती, आणि शेवटी मासा जवळ आला तेव्हा हातमोजे घालून दोरीचे टोक त्यानेच हातात धरले. या सगळ्या व्यवहारातला खरा धोका तेवढाच. दोरी हाताला गुंडाळली गेली तर माणूस पाण्यात ओढला जातो. माझे स्नेही रीळ गुंडाळत होते, घामाघूम झाले होते आणि त्यांची मेहनत खोटी नव्हती. पण मासा कुणी पकडला, असे विचारले तर त्याचे प्रामाणिक उत्तर वेगळे द्यावे लागेल. धक्क्यावर छायाचित्र निघाले. त्यात स्नेही आहेत, मासा आहे, कडेला मी आहे. ते दोघे नाहीत, कारण छायाचित्र खलाशानेच काढले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा कारखान्यातला नियम समुद्रावरही तसाच चालतो.

यानंतर एक गंमत झाली. स्नेह्यांनी माशाचा एक मोठा तुकडा मागितला, तेव्हा तांडेल हसून म्हणाला की तुकडा जरूर देतो, मासा मात्र बोटीचा. तेथे बहुतेक बोटींवर हीच रीत आहे. पाहुणा भाडे देतो, आणि धरलेला मासा बोटवाला विकतो. धुरी दिलेला मार्लिन मॉरिशसमध्ये आवडीने खाल्ला जातो, हॉटेलांत त्याला चांगला भाव असतो. मासा जिवंत सोडून देण्याची प्रथा वाढते आहे, पण सगळेच सोडत नाहीत. म्हणजे ज्याला आपण खेळ म्हणतो तो बाजारातला व्यवहारही असतो, आणि बाजारात आला की त्याची गाठ दुसऱ्या एका मासेविक्याशी पडते.

तो दुसरा आम्हाला परतीच्या वाटेवर भेटला. दूर समुद्रात एक तरंगता पिंप नांगरलेला होता. अशा तरंगत्या वस्तूच्या सावलीला लहान मासे जमतात, त्यांच्यामागे ट्यूनासारखे मोठे येतात. मॉरिशस सरकारने १९८०च्या दशकापासून असे पिंप समुद्रात नांगरले ते मुख्यतः लहान मच्छीमारांसाठी. कड्याच्या आतले उथळ पाणी, ज्याला तेथे लगून म्हणतात, मासे कमी झाल्यामुळे परवडेनासे झाले होते. तेथल्या मच्छीमाराला बाहेरच्या पाण्यात थोडा आधार मिळावा, हा हेतू. त्या पिंपाशी दोन पिरोग होत्या. पिरोग म्हणजे लहान लाकडी होडी, एका छोट्या इंजिनावर चालणारी. तीत दोघेतिघे हाताने गळ टाकून बसले होते. आमची बोट पाच गळ ओढत त्यांच्याजवळून वळली. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस उभा राहून काही तरी ओरडला. मी खलाशाला अर्थ विचारला. तो जरा ओशाळला आणि म्हणाला, “काका, ते म्हणतात, तुमचा दिवस आहे, आमचं आयुष्य आहे.” मग स्वतःहून पुढे म्हणाला, “माझा मामा पण पिरोगवर आहे.”

त्या वाक्यापुढे माझा सकाळचा आनंद टिकला नाही. त्या म्हाताऱ्याच्या बाजूने पाहा. तो नोंदणीकृत मच्छीमार असेल तर त्याच्याकडे ओळखपत्र असते. वादळी हवेच्या दिवसांत त्याला सरकार भत्ता देते. तो मच्छीमारांनी मागून मिळवलेला आहे आणि चांगला आहे. त्याच्या बदल्यात तो नियम पाळतो. मोठ्या जाळ्यांना १ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. ऑक्टोपस धरायला १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते. हे नियम योग्यच आहेत, कारण समुद्राला विसावा हवा. पण कमी खाणाऱ्याला उपास आणि भरल्या पोटाच्याला खेळ, अशी वाटणी झाली की योग्य नियमही अन्याय्य वाटू लागतात.

येथवर वाचून कार्यकर्ता म्हणेल, म्हणजे निष्कर्ष सोपा आहे: या चैनीच्या बोटी बंद करा. मी तसे म्हणणार नाही, कारण ते खरे होणार नाही. समुद्र या बोटींनी रिकामा केलेला नाही. हिंदी महासागरातील ट्यूना व तत्सम माशांच्या व्यवस्थापनासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याच्या शास्त्रज्ञांनी २०१९ आणि २०२२ च्या मूल्यमापनांत निळ्या मार्लिनचा साठा अतिरेकी मासेमारीने खालावला असल्याचे नोंदवले. पण त्या माशाचा फार मोठा वाटा हौशी गळाने मरत नाही. तो कित्येक किलोमीटर लांब दोरीला हजारो गळ लावून धावणाऱ्या जहाजांवर आणि मोठ्या जाळ्यांत मरतो, तोही पुष्कळदा ट्यूना धरताना. हौशी बोटींवरचा एक आक्षेप मात्र खरा आहे. मार्लिनमधले प्रचंड मासे हे माद्याच असतात, नर लहानच राहतात. विक्रमी वजनाच्या हव्यासापायी मारला जाणारा मासा म्हणजे अंडी घालणारी मोठी मादी. तेवढ्यासाठी मासा सोडून देण्याची सक्ती जरूर करावी. तथापि सगळा राग भाड्याच्या बोटीवर काढणे म्हणजे सावकाराला सोडून त्याच्या कारकुनाशी भांडणे होय.

मग सावकार कोण? येथे समुद्राच्या भाड्याचा प्रश्न सुरू होतो. मॉरिशसची जमीन सुमारे २ हजार चौरस किलोमीटर आणि तिच्या हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर. हा समुद्र तीन मुदतींनी भाड्याने दिला गेला आहे. एक दिवसाची मुदत मी वर सांगितली. दुसरी काही वर्षांची आहे, आणि तिसरी ९९ वर्षांची.

एक दिवसाच्या भाड्यात किनाराही धरावा लागेल, कारण बोट कुठल्या तरी किनाऱ्यावरून सुटते. भरतीच्या रेषेपासून आत ८१ मीटरहून थोडा अधिक रुंदीचा पट्टा तेथे फ्रेंच अमलापासून राज्याचा मानला जातो. तो विकता येत नाही. पण तो भाडेपट्ट्याने देता येतो, आणि तसा तो पिढ्यान्‌पिढ्या हॉटेलांना आणि धनिकांच्या बंगल्यांना दिला गेला. कायद्याने वाळू सर्वांची आहे. पण वाळूकडे जाणारी वाट कुंपणातून जात असेल तर त्या हक्काचे काय करायचे? पिरोग ओढून वर काढायला, जाळे वाळवायला आणि मासा विकायला मच्छीमाराला जागा लागते. ती आक्रसत गेली. मालकी विकली नाही, फक्त भाड्याने दिली, असे राज्यकर्ते म्हणतात. पण जे भाडे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते त्याला जनतेने विक्री म्हटले तर तिचे काय चुकले?

दुसरी मुदत परवान्यांची. युरोपियन संघाशी मॉरिशसचा मासेमारी करार आहे. स्पेन आणि फ्रान्स यांची अवाढव्य ट्यूना-जहाजे ठरावीक रकमेच्या मोबदल्यात हे पाणी वापरतात. ही जहाजे गोल जाळे टाकून ट्यूनाचा अख्खा थवा उचलतात. त्यांनी प्रवाहात सोडलेल्या तराफ्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे असतात. आमच्या म्हाताऱ्याचा पिंप आणि हे तराफे यांचे तत्त्व एकच. फरक एवढाच की एकाच्या भोवती दोन पिरोग असतात आणि दुसऱ्याच्या मागे भांडवल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोंबासा येथे आयोगाच्या बैठकीत अशा तराफ्यांवर वर्षातून ७२ दिवस बंदी घालणारा ठराव बहुमताने संमत झाला. किनारी राष्ट्रांतील अनेकांनी त्यासाठी चिकाटीने झगडा केला होता. युरोपियन संघाने त्याला औपचारिक हरकत घेतली, आणि हरकत घेणाऱ्यावर ठराव बंधनकारक राहत नाही! पर्यावरणावर जगाला उपदेश करणाऱ्यांचे हे वर्तन ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मासा तर कुणाचाच परवाना मानत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत अटलांटिक महासागरात खूण लावून सोडलेला एक निळा मार्लिन सुमारे तीन वर्षांनी, १९९५ साली, थेट मॉरिशसजवळ सापडल्याची नोंद शास्त्रज्ञांकडे आहे. हे अंतर जवळजवळ १५ हजार किलोमीटर भरते. असा मासा कोणत्या देशाचा, हा प्रश्नच फिजूल आहे. तो सर्वांचा आहे, म्हणून त्याची जबाबदारीही सर्वांची आहे, आणि त्याच्यावर पहिला हक्क ज्याचे पोट त्याच्यावर आहे त्याचा.

तिसरी मुदत सर्वांत भयंकर आहे. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याआधी तीन वर्षे, ब्रिटनने छागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि दिएगो गार्सिया बेट लष्करी तळासाठी अमेरिकेला उपलब्ध करून दिले. १९६८ ते १९७३ या काळात तेथील सगळे रहिवासी हलवले गेले. त्यांची संख्या दीड ते दोन हजारांच्या घरात होती. त्यांची कुत्री मारून टाकण्यात आली. माणसे जहाजांत घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवण्यात आली. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर छागोसच्या स्त्रियांनी उपोषणे केली, मोर्चे काढले. त्यांच्या लढ्याला मॉरिशसच्या डाव्या चळवळीने साथ दिली, हे अभिमानाने नोंदवावेसे वाटते.

पुढे १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने छागोसभोवतीचा सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तेथे व्यापारी मासेमारी बंद केली. निसर्गप्रेमींनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी वकिलातीचा एक गुप्त अहवाल उघड झाला. अशा राखीव क्षेत्रामुळे जुन्या रहिवाशांचे परतीचे दावे अवघड होतील, असे ब्रिटिश अधिकाऱ्याने खासगीत सांगितल्याची नोंद त्यात होती. आणि आपल्या विषयाशी जोडलेली बाब अशी की, दिएगो गार्सियाच्या तळावरील कर्मचाऱ्यांना त्या पाण्यात हौशी मासेमारीची मुभा राहिलीच! बेटावर जन्मलेल्याला बेटावर राहून मासा धरण्याची बंदी, आणि त्याला हाकलून उभारलेल्या तळावरच्या सैनिकाला सुटीच्या दिवशी गळ टाकण्याची सोय. खासगी मासेमारी या कल्पनेचे टोक याहून स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही.

आंतरराष्ट्रीय लवादाने १८ मार्च २०१५ रोजी हे संरक्षित क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने सागरी कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. त्यात मॉरिशसच्या मासेमारीच्या हक्काचाही विचार होता. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने छागोस तोडणे बेकायदेशीर होते असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यात सार्वभौमत्व मॉरिशसचे मानले, आणि दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा ब्रिटनकडेच ठेवले. करार पुढे अमलात येवो वा रखडो, त्याच्या वाटाघाटींच्या मेजावर छागोसचे विस्थापित पक्षकार म्हणून नव्हते. एक दिवसाचे भाडे ठरवताना पिरोगवाल्याला विचारले नाही, काही वर्षांचे ठरवताना विचारले नाही, ९९ वर्षांचे ठरवतानाही विचारले नाही. मुदत वाढली, रक्कम वाढली. पद्धत तीच राहिली.

आणि समुद्र बिघडला की भरपाई कोण करतो? २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन इंधन तेल लगूनमध्ये पसरले. सरकार हलण्याआधी गावकऱ्यांनी उसाची पाने आणि रिकाम्या बाटल्या कापडात भरून तरंगते बांध शिवले. त्या वर्षी महामारीने विमाने बंद होती, पर्यटक नव्हते, हौशी बोटी धक्क्याला बांधलेल्या होत्या. पर्यटकांच्या भरवशावर जगणारा खलाशी आणि लगूनच्या भरवशावर जगणारा मच्छीमार एकाच वेळी उघड्यावर आले. बोटीवरल्या त्या मुलाने मला सांगितले की त्या महिन्यांत तो मामाच्या पिरोगवर जात होता. जगण्याचा शेवटचा आधार पिरोगच ठरली.

“पण या बोटींवर कितीतरी घरे चालतात” हा युक्तिवाद म्हणूनच अर्धवट आहे. घरे चालतात हे खरे. तो मुलगा आणि त्याचा तांडेल बेकार व्हावेत असे कुणालाच वाटणार नाही. परंतु आमच्या एका दिवसाचे भाडे त्याच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होते. बक्षिशीवर त्याची कमाई अवलंबून होती. वाऱ्याचा, प्रवाहाचा, माशाच्या वाटेचा जो अभ्यास त्याच्या घरात पिढ्यांपासून आला, त्याला त्या धंद्यात बक्षिशीचा भाव होता. बोट त्याची असती किंवा गावच्या सहकारी संस्थेची असती तर तोच धंदा त्याला माणूस म्हणून उभा करता.

हे सगळे दूरच्या बेटाचे दुखणे आहे, असे समजण्याची चूक आपण करू नये. ‘चार्टर’ हा शब्द आपल्या सरकारनेही वापरला आहे. १९८१ मध्ये परदेशी जहाजांच्या मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्याबरोबर परदेशी जहाजे भाड्याने घेण्याचे धोरण आले. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणाच्या वर्षी परदेशी भागीदारीला दरवाजे आणखी उघडले गेले. याविरुद्ध देशभरच्या मच्छीमारांनी संघटित लढा दिला, नोव्हेंबर १९९४ मध्ये देशव्यापी बंद पाळला, आणि त्या दबावाखाली नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ मध्ये असे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. त्याआधी १९७०च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध आंदोलन उभारून किनाऱ्यालगतचे पाणी रापणीसाठी राखून मागितले होते. आपल्या राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा अशाच असंतोषाच्या पार्श्वभूमीवर आला. मच्छीमाराने न मागता त्याला समुद्र कुणी दिलेला नाही.

आज ‘नील अर्थव्यवस्था’ या गोड नावाने पुन्हा बोलणी चालू आहेत. अंदमानात हौशी मासेमारीच्या बोटी चालतात. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर जलक्रीडा आणि स्कूबा यांचा बोलबाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीसाठी नियम काढले. त्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याची भाषा आहे. भाषा चांगली आहे. पण सहकाराच्या फलकामागे कोणाचे भांडवल उभे राहते, हा अनुभव साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला नवा नाही. किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक संस्थेची सभासद-यादी तपासली पाहिजे. खऱ्या मच्छीमारांची आणि मासे विकणाऱ्या बायांची नावे तीत आहेत का, ते विचारले पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. किनाऱ्यावर होडी ओढण्याची, जाळे वाळवण्याची आणि मासळी विकण्याची जागा भाडेपट्ट्याबाहेर कायमची राखली जावी. हौशी मासेमारीच्या आणि जलक्रीडेच्या बोटींचे परवाने आधी स्थानिक मच्छीमारांना व त्यांच्या संस्थांना मिळावेत, आणि लहान मच्छीमारांसाठी केलेल्या सोयींपासून इतरांनी दूर राहावे. जी बंदी जाळ्याला आहे तिचा अर्थ गळालाही लागू व्हावा. खेळ म्हणून धरलेला मोठा मासा सोडला जावा. परवाना देणाऱ्या समितीत मच्छीमारांचे निवडलेले प्रतिनिधी बहुमतात असावेत. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. तरी कुठल्याही सरकारने त्या आपणहून मान्य केलेल्या नाहीत, यावरून त्या कुणाच्या हिताआड येतात ते कळते.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. समाजवादी माणसाचे तिथे काम आहे, कारण समुद्र तिथेच आहे. पाहुणा होऊन गेल्यामुळे मला जे दिसले ते पाहुण्यासाठी मांडलेले नव्हते. ते बोटीच्या कडेला, दोन पिरोगींच्या रूपाने आपसूक आले. मी पुन्हा जाईन का? जाईन, मात्र बोट मच्छीमारांच्या संस्थेची असेल, मासा पुन्हा पाण्यात सोडला जाणार असेल आणि वाटेतल्या पिंपाला वळसा घातला जाणार असेल तर. तशी बोट आज रिव्हिएर न्वारला मला दिसली नाही. आपल्या किनाऱ्यावर ती दिसावी, यासाठी काय करता येईल याची चर्चा पुढच्या बैठकीत व्हावी, एवढीच विनंती.